उ आणि डा

‘निरुपयोगी, नादुरुस्त व अवजड.’ माझ्या वडिलांच्या मशीनला आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीनं लावलेली ही तीन विशेषणं. अवजड मला मान्य आहे. ते मशीन हलवायला चार माणसं लागतात आणि पाचवा नुसता ‘हळू, हळू’ म्हणायला लागतो. उरलेल्या दोन शब्दांसाठी मात्र मी त्या माणसाला माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. नोटिसबोर्डावर, टाकी धुण्याच्या वेळापत्रकाखाली, लाल शाईत, शिक्क्यासकट लिहिलं होतं: जिन्याखालच्या खोलीतली सदर वस्तू पंधरा दिवसांत हलवावी, अन्यथा भंगारात देण्यात येईल.

सदर वस्तू म्हणे. बावीस वर्षं माझे वडील कचेरीतून आल्यावर कपडे बदलून सरळ ज्या वस्तूकडे जायचे, ती सदर वस्तू.

ज्यांनी असलं मशीन बघितलेलं नाही त्यांना आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. मुळात ते लेथ. लाकडाचा तुकडा दोन टोकांना धरून आडवा गरागरा फिरवायचा आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून त्याला गोल आकार द्यायचा, हे लेथचं काम. पण हे ज्यानं बनवलं त्याचं एवढ्यावर समाधान नव्हतं. त्याच दांड्यावर पातं चढवलं की गोल करवत. पातं काढून घासकागदाची चकती चढवली की घासायचं यंत्र. गिरमिट बसवलं की आडवी भोकं, आणि दोन बोल्ट ढिले करून सगळा सांगाडा उभा केला की उभी भोकं. एक मोटर, एक दांडा, पाच कामं. मी नळपट्टीच्या कचेरीत आहे. आमच्याकडे पाच माणसं मिळून एक काम करतात. त्यामुळे या मशीनबद्दल मला आदर आहे.

वडिलांनी ते एका बंद पडलेल्या शाळेच्या कार्यशाळेतून आणलं होतं. आई त्याला जाऊबाई म्हणायची. ‘एकाच घरात राहतात, माझ्यापेक्षा जास्त तेल खातात, आणि यांचा सगळा वेळ त्यांच्याकडे,’ हे तिचं कारण. पण म्हणताना तिचा आवाज भांडणाचा नसायचा. ‘जाऊबाईंना तेल घातलंत का?’ असं ती स्वतःच विचारायची.

मी शाळेतून आलो की त्या खोलीच्या पायरीवर बसायचो. समोर मशीन, मशीनच्या पलीकडे भिंतीला लागून एक अरुंद फट, आणि त्या फटीत वडील उभे. मला फक्त त्यांचा चेहरा दिसायचा. लाकूड फिरायला लागलं की आधी खडखड व्हायची, कारण चौकोनी लाकडाचे कोपरे पटाशीवर आपटायचे. मग हळूहळू ती खडखड कमी होत जायची. ढलप्यांचे कुरळे धागे हवेत उडायचे आणि वडिलांच्या भुवयांवर जाऊन बसायचे. आणि एका क्षणी आवाज एकदम बदलायचा. भांडून भांडून दमलेली माणसं शेवटी साधं बोलायला लागतात, तसा. म्हणजे लाकूड गोल झालं. पहिल्या मजल्यावर आईला तो आवाज ऐकू जायचा आणि ती चहा टाकायची. मी पुढे अनेक वाद्यं ऐकली, तिकिटं काढून ऐकली. त्यातल्या एकालाही लाकूड गोल झाल्याचा तो आवाज काढता आलेला नाही.

तर नोटीस. मी सेक्रेटरीकडे गेलो. सेक्रेटरी म्हणजे असा माणूस की ज्याला स्वतःच्या घरात कुणी विचारत नाही आणि म्हणून तो सगळ्या इमारतीला विचारतो. त्यानं नियमावली काढली. नियमात होतं की सामाईक खोलीत फक्त ‘वापरात असलेली’ वस्तू ठेवता येईल.

‘वापरात आहे,’ मी म्हटलं.

ही थाप होती. वडील जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि त्या मशीनला त्यानंतर फक्त कोळ्यांनी हात लावला होता. पण सेक्रेटरी हसला, आणि त्याच्या त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. ‘पंधराव्या दिवशी रविवार आहे,’ मी म्हटलं, ‘सकाळी दहा वाजता समितीला घेऊन या. आईच्या खुर्चीचा पाय कातून दाखवतो.’

आईच्या खुर्चीचं खरं होतं. वडिलांनी याच मशीनवर तिच्यासाठी कातीव पायांची बुटकी खुर्ची केली होती. तिचा मागचा पाय गेल्या वर्षी तडकला, तेव्हापासून त्या कोपऱ्याखाली रंगाचा रिकामा डबा होता. दुसरी खुर्ची आणतो म्हटलं की आई म्हणायची, ‘नको. हिचे तीन पाय त्यांचे आहेत. चौथा तुझा.’ आणि डब्याकडे बोट दाखवायची. एका डब्यानं माझं अख्खं कर्तृत्व सांगून टाकायची कला फक्त आईकडे असते.

नोटिशीचं ऐकून आईनं फक्त ‘कधी नेणार?’ एवढं विचारलं. मग खालच्या खोलीतून मशीनची तेलाची कुपी तेवढी आणून दे म्हणाली. ती पुसून तिनं उशाशी ठेवली, औषधांच्या बाटल्यांच्या रांगेत. ते बघितल्यावर मला कळलं की आता माघार नाही. मी छाती काढून म्हटलं, ‘काळजी करू नकोस आई. एक पाय कातणं म्हणजे डाव्या हातचा मळ.’

आई माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला वाटलं कौतुकानं बघते आहे.

बायकोनं व्यवहाराचा प्रश्न विचारला. ‘अहो, तुम्हाला येतं का पण ते? मागच्या महिन्यात पडद्याची दांडी लावलीत, ती अजून माझ्या डोक्यात पडते.’ माणसाच्या रक्तात काही गोष्टी असतात असं माझं मत होतं. होतं म्हणतो, कारण आता नाही.

मशीन चालवायचं तर वीज हवी, आणि त्या खोलीची वीज इमारतीनं केव्हाच तोडलेली. जोडायची तर मोटरसाठी वीज कचेरीचा परवाना हवा. खिडकीतल्या माणसानं फॉर्म दिला. त्यात एक रकाना: ‘यंत्राचे कार्य (एकच लिहावे)’. मी म्हटलं, पाच आहेत. तो म्हणाला, एकच लिहा. मी म्हटलं, मग उरलेल्या चार कामांच्या वेळी मशीन बेकायदेशीर ठरेल का? तो विचार करून आत गेला, बाहेर आला आणि म्हणाला की पाच कामं असतील तर पाच फॉर्म भरा. मी भरले. चौथ्या दिवशी तपासनीस आला आणि खोलीत उभा राहून बाकीची चार यंत्रं कुठे आहेत म्हणून विचारायला लागला. मी त्याला दांडा दाखवला, पातं दाखवलं, चकती दाखवली. तो म्हणाला, ‘ते ठीक आहे, पण यंत्रं कुठे आहेत?’ शेवटी त्यानं अहवालात लिहिलं: एक यंत्र आढळले, चार यंत्रे अर्जदाराने लपविली असण्याची शक्यता.

मी पुन्हा खिडकीवर जाऊन आवाज चढवला. सामान्य माणसाला तुम्ही लोक किती फिरवता वगैरे. खिडकीतला माणूस शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘ओळखलं नाही का साहेब? मी पाण्याच्या बिलावरचं नाव बदलायला तुमच्या खिडकीवर सात वेळा आलो होतो.’ पण माणूस माझ्यापेक्षा बरा निघाला. तिसऱ्याच खेपेला त्यानं सही दिली. फॉर्मवर ‘यंत्राचे कार्य’ पुढे त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: फिरणे.

आता फोरमन. दुसऱ्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ तीस वर्षं कारखान्यात फोरमन होते आणि त्यांना सगळी इमारत फोरमनच म्हणते. वीज आली त्याच दुपारी ते न बोलावता खाली आले, मागे हात बांधून मशीनभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, ‘मशीन ते मशीन. सोडा माझ्यावर.’ हा कारखाना बिस्किटांचा होता आणि ते त्यात पुडे बांधायच्या विभागाचे फोरमन होते, हे मला फार उशिरा कळलं.

मशीनला लोखंडी पेटीतला एक खटका होता. तो मधे ठेवला की बंद. एका बाजूला ढकलला की चालू आणि दुसऱ्या बाजूला ढकलला तरी चालूच. दोन्ही बाजूंना वडिलांनी पांढऱ्या रंगानं एकेक अक्षर काढलेलं. वडिलांचं अक्षर भयंकर होतं. तरी नीट बघितल्यावर एका बाजूचा ‘उ’ आणि दुसऱ्या बाजूचा ‘डा’ ओळखता आला.

फोरमननी क्षणाचाही वेळ घेतला नाही. ‘सोपं आहे. डा म्हणजे डायरेक्ट. उ म्हणजे उलटा. मोटरला सरळ आणि उलटं असं दोन्ही फिरवायची सोय असते.’

‘मग उलट्याला त्यांनी उलटा लिहिलं आणि सरळला डायरेक्ट?’

‘मातृभाषेचे अभिमानी असतील तुमचे वडील.’

‘मग डायरेक्ट कसं?’

‘त्याला आपल्यात शब्द कुठाय?’

अजूनही मला यात चूक सापडत नाही. शांतपणे, समोरासमोर, निवृत्त फोरमनच्या तोंडून हे ऐकलं असतंत तर तुम्हीही मान डोलावली असती.

मग त्यांनी एकेक दोष काढायला सुरुवात केली. पटाशी टेकवायचा लोखंडी टेकू मशीनच्या पलीकडच्या अंगाला, भिंतीच्या बाजूला बसवलेला होता. ‘कुणा गाढवानं बसवलाय हा?’ फोरमन म्हणाले. बसवणारे माझे वडील होते, पण मी गप्प राहिलो. या एका गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते. आम्ही टेकू काढून अलीकडे, दाराच्या बाजूला बसवला. घासायच्या चकतीच्या गळ्यात एक बारीक भोक होतं, त्यात काहीच नव्हतं. फोरमन म्हणाले, बनवणाऱ्याची चूक, सोडून द्या. करवतीचं पातं तेवढं निर्दोष ठरलं.

नवव्या दिवशी आम्ही पातं चढवून खटका डायरेक्टवर टाकला. एकोणीस वर्षांनी मोटर घुं करून उठली आणि माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला, चेष्टा नाही. पट्ट्याचा तोच वास, दांड्याची तीच बारीक शीळ. मी पायरीकडे बघितलं. तिथे नऊ-दहा वर्षांचा मी असायला हवा होतो. बायको होती, झाडू घेऊन.

मग मी लाकूड पात्याला लावलं आणि ते कापलंच जाईना. नुसतं जळायला लागलं. काळा धूर खोलीतून जिन्यात आणि जिन्यातून वर गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एक बादली पाणी वरूनच ओतलं. ते धुरावर न पडता सेक्रेटरीवर पडलं, एवढी एक गोष्ट त्या दिवशी बरी झाली.

पात्याला धार नाही, असा निष्कर्ष फोरमननी काढला. मी ते पिशवीत घालून धार लावणाऱ्याकडे नेलं. त्यानं दातांवरून अंगठा फिरवला आणि पातं परत दिलं. ‘धार आहे की याला.’

‘मग कापत का नाही?’

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ‘लावणाऱ्यालाही धार लागते,’ म्हणाला आणि पुढची सुरी उचलली.

बाराव्या दिवशी फोरमन म्हणाले की करवत राहू दे, आधी चकती लावून बघू, त्यात धोका नाही. ताटाएवढी जाड बिडाची चकती, दांड्याच्या आट्यांवर फिरवून बसवायची. मी घट्ट बसवली. सेक्रेटरीही आला होता, छत्री घेऊन. मी खटका डायरेक्टवर टाकला.

पुढचं फार भराभर झालं. चकती क्षणभर फिरली, मग स्वतःच स्वतःला दांड्यावरून सोडवून घेऊ लागली, बाटलीचं झाकण उघडावं तशी. आट्यांवरून निसटली, जमिनीवर उभी पडली आणि फिरतच होती म्हणून धावत सुटली. माझ्या पायांमधून गेली. पायरीवरून उडी मारली. वाहनं ठेवायच्या जागेतून अगदी सरळ रेषेत, शिस्तीत, कुणालाही न दुखवता ती सेक्रेटरीच्या नव्या स्कूटरपर्यंत गेली आणि तिथे मात्र थांबली. स्कूटर आडवी झाली. ती शेजारच्या स्कूटरवर, ती फोरमनच्या सायकलवर, आणि सायकल तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या कुंड्यांवर.

संध्याकाळी नोटिसबोर्डावर नवी नोटीस होती. आता विशेषणं चार होती. ‘धोकादायक’ खाली दोन रेघा. रविवारी पाय कातून दाखवला नाही तर दुपारीच भंगारवाला येईल, असंही लिहिलं होतं. मी ती नोटीस उभ्याउभ्या तीनदा वाचली आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली. उशाशी ठेवलेली ती कुपी डोळ्यांसमोर आली.

बायकोनं आईला सगळं सांगून टाकलं होतं. मी खोलीत गेलो तेव्हा आई डब्यावर तोललेल्या खुर्चीत बसली होती.

‘खटका कुठे टाकला होतास?’

‘डा वर.’

‘का?’

‘डा म्हणजे डायरेक्ट.’

आई हसायला लागली. ब्याऐंशी वर्षांची बाई अशी हसू शकते हे मला माहीत नव्हतं. खुर्ची डब्यावर खडखडायला लागली तेव्हा बायकोनं धावत येऊन तिला धरलं. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘डायरेक्ट काय रे. डा म्हणजे डावा. उ म्हणजे उजवा.’

‘डावा काय?’

‘हात. ते डावखुरे होते.’

मी म्हटलं, शक्य नाही. वडील उजव्या हातानं लिहायचे, उजव्या हातानं जेवायचे. मी पस्तीस वर्षं बघितलं त्यांना.

‘तू जे बघावंस ते त्यांनी तुला दाखवलं,’ आई म्हणाली.

मग तिनं सांगितलं ते असं. शाळेत पहिल्या वर्षी मास्तरांनी वडिलांचा डावा हात सुतळीनं बाकाला बांधून ठेवला होता. वर्षभर, रोज. त्या वर्षानंतर त्यांनी चारचौघांत डाव्या हातानं कधी काही केलं नाही. लग्नानंतर सात वर्षांनी आई एकदा चहा घेऊन खाली गेली आणि मशीनच्या मागे डोकावली, तर पटाशी त्यांच्या डाव्या हातात. तिला बघून त्यांनी चटकन हात बदलला, चोरी पकडल्यासारखा. ‘मी म्हटलं, माझ्यापुढे कशाला? करा की तुम्हाला जमतं तसं. त्या दिवसापासून मला जाऊबाईंच्या खोलीत यायला परवानगी मिळाली.’

डावखुऱ्या माणसाला लेथच्या पलीकडच्या अंगाला उभं राहावं लागतं आणि लाकूडही उलटं फिरावं लागतं. म्हणून तो खटका. कातायला डा, करवतीला नि गिरमिटाला उ. उलटं फिरताना आट्यांवरची चकती सुटते, म्हणून तिच्या गळ्यात भोक पाडून एक बारीक स्क्रू. तो स्क्रू आईच्या शिवणाच्या डब्यात होता. एकोणीस वर्षं, बटणांमध्ये. वडील गेले तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात सापडला म्हणून तिनं जपून ठेवलेला.

आणि भिंतीलगतची ती फट. तिथे उभं राहिलं की दारातून येणाऱ्याला फक्त चेहरा दिसतो. हात मशीनच्या मागे.

मी खाली जाऊन त्या पायरीवर बसलो. मला एक जुनी गोष्ट आठवली. वडिलांना कचेरीत तीन वेळा डावललं. तिन्ही वेळा शेरा एकच, अक्षर सुवाच्य नाही. चौथ्या वेळी अर्ज करताना त्यांनी तो मला लिहायला सांगितला होता. मी पंधरा वर्षांचा, शाळेत अक्षराचं बक्षीस मिळवलेला. अर्ज लिहून मी ऐटीत म्हणालो होतो, ‘बाबा, असं लिहायचं असतं. जरा लक्ष देऊन.’ त्यांनी तो कागद हातात धरून बराच वेळ बघितला होता. म्हणाले होते, ‘तुझं अक्षर उजवं आहे हो.’ मी ते आजपर्यंत शाबासकी म्हणून मिरवत होतो.

सुतळी बांधणाऱ्या त्या मास्तरांना गाठायला मी फार उशिरा जन्मलो. नाहीतर नळपट्टीच्या कारकुनाचा राग काय असतो ते दाखवलं असतं. आणि ‘डावलणं’ हा शब्द ज्यानं पहिल्यांदा वापरला त्यालाही. एक हात बांधून ठेवायचा, दुसऱ्यानं लिहायला लावायचं, आणि मग अक्षर वाईट म्हणून वर जाऊ द्यायचं नाही. आमच्या कचेरीतही याहून हुशारीचा कारभार मी पाहिलेला नाही.

शनिवारी दुपारी मी टेकू पुन्हा पलीकडे बसवला आणि त्या फटीत शिरलो. वडील सडपातळ होते, मी नाही. पोट आत घेतलं. त्यांची पटाशी उजव्या हातात घेतली तर मूठ बसेना. मुठीवरचा अंगठ्याचा खड्डा भलत्याच बाजूला. डाव्या हातात घेतली, अंगठा बरोबर खड्ड्यात गेला. खटका डा वर टाकला. लाकूड फिरायला लागलं. मी मान वर केली.

समोर बरोबर पायरी होती. दुसरं काही नाही, फक्त ती पायरी, तिच्यावर दारातून आलेलं ऊन. वडिलांना तिथून बावीस वर्षं काय दिसत होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. तेवढ्यात माझ्या अडाणी डाव्या हातानं पटाशी लाकडात रुतवली, लाकूड निखळून भिंतीवर आपटलं आणि दोन तुकडे झाले. शिल्लक लाकूड एकच राहिलं.

रविवारी दहाला समिती आली. सेक्रेटरी, फोरमन, आणि नुसती मान हलवायला दोघे. सगळे दारापासून लांब उभे राहिले. सेक्रेटरीनं स्कूटर दुसऱ्या गल्लीत लावली होती. आई बायकोच्या हाताला धरून एकेक पायरी उतरत आली, आणि मी पुढे केलेली खुर्ची नाकारून खोलीच्या पायरीवर बसली. हातात तेलाची कुपी. ‘आधी जाऊबाईंना घाल,’ म्हणाली. मी घातलं.

मी अलीकडच्या अंगाला उभा राहिलो, टेकू अलीकडे, खटका उ वर. मागून फोरमन कुजबुजले, ‘अहो, तो उलटा आहे.’ आई मागे न वळता म्हणाली, ‘फोरमन, तुम्ही बिस्किटं बघा.’

लाकूड फिरायला लागलं. खडखड, खडखड. कोपरे पटाशीवर आपटत होते. दोनदा पटाशी अडकली. सेक्रेटरीनं घड्याळ बघितलं. मला वाटलं, झालं, गेलं मशीन. ढलप्या पाट्यांसारख्या जाड, ओबडधोबड पडत होत्या. मी पटाशी जरा तिरकी केली, आणि कुरळा, लांब, बारीक धागा सुटला. माझ्या भुवईवर येऊन बसला.

आणि आवाज बदलला.

मला कळायच्या आत आईला कळलं. ती बायकोला म्हणाली, ‘गोल झालं. चहा टाक जा.’

पाय अकराला दहा मिनिटं असताना झाला. वडिलांच्या पायांवर तीन नाजूक वळ्या होत्या, माझ्या पायावर दोन, त्यातली एक जाडी. पण पाय होता. सेक्रेटरीनं तो उलटसुलट करून बघितला, समितीतल्या दोघांनी माना हलवल्या, आणि मग त्यानं खिशातून लाल पेन काढून नोटिशीवरचं ‘निरुपयोगी’ खोडलं आणि ‘नादुरुस्त’ खोडलं. ‘अवजड’ आणि ‘धोकादायक’ ठेवलं. खाली लिहिलं, वापरात. त्याचं अक्षर सुरेख आहे, हे कबूल करायला हवं.

दुपारी मी पाय खुर्चीला बसवला. डबा काढून बाहेर ठेवला. आई सावकाश खुर्चीत बसली, पाठ टेकली, एकदा इकडे एकदा तिकडे झाली. मी माप घेताना कुठेतरी दोन सूत चुकलो होतो.

‘डावीकडे कलते जरा,’ आई म्हणाली.

मी खाली पुठ्ठ्याची घडी सरकवायला वाकलो. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं.

‘राहू दे,’ म्हणाली. ‘आता कुणापासून लपवायचंय?’